आकड्यांची उजळणी

छंद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पोस्टाची तिकिटे येतात, जुनी नाणी येतात, फार तर आगपेट्यांवरची चित्रे येतात. ‘मी आकडे जमवतो’ असे मी वर्गात सांगितले तेव्हा मित्रांची समजूत झाली की, हा कॉमर्सचा गडी, म्हणजे जमाखर्चाचेच आकडे असणार. एकाने तर बाजूला घेऊन हळूच विचारले, ‘कल्याण की मुंबई?’ मटक्याचा तो आकडा नव्हे, हे त्याला पटवून देताना माझी पुरेवाट झाली!

मी जमवतो ते आकडे उजेडाचे आहेत. जुन्या गणकयंत्रात, प्रयोगशाळेतील मापकात, इलेक्ट्रॉनिक घड्याळात, वजनकाट्यात किंवा टेलिफोनच्या मीटरवर जे आकडे लाल, नारिंगी किंवा हिरव्या प्रकाशात उजळत, ते दाखवणारे सुटे भाग म्हणजे माझा संग्रह. आज तो एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आणि दोन पुठ्ठ्याच्या खोक्यांत मावतो. हे आकडे कसे उजळतात, ते कोठून आले आणि ते जमवायचे कसे, या तीन गोष्टी प्रस्तुत लेखात सांगण्याचा विचार आहे. मी विज्ञान शाखेचा नाही. जे शिकलो ते निपाणीच्या मामांच्या रेडिओदुरुस्तीच्या टेबलाशी बसून शिकलो. तेव्हा जाणकारांनी चुकभूल पोटात घालावी.

माळ्यावरचा मीटर

या छंदाचे मूळ आमच्या घरच्या माळ्यावर आहे. माझ्या जन्माआधीपासून वडिलांचे निपाणीत एस. टी. डी. बूथ होते. १९८४ साली सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, देशी टेलिफोन एक्स्चेंजेस तयार झाली आणि पुढच्या काही वर्षांत पिवळ्या पाटीची ‘एस. टी. डी., आय. एस. डी., पी. सी. ओ.’ ही दुकाने गावोगाव निघाली. मोबाईल आले तशी ती एकेक करून मिटली. आमचेही मिटले. मी तेव्हा इतका लहान होतो की त्या दुकानाची मला काहीच आठवण नाही. उरला तो एक मीटर, जुन्या धोतरात गुंडाळलेला.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत तो खाली आला. भंगारवाला दारात उभाच होता. मी तो मीटर उचलला आणि मामांकडे नेला. आतली बॅटरी पाझरून तांब्याच्या रेघांवर हिरवट थर बसला होता. मामांनी तो पुसून काढला, फुगलेला एक कपॅसिटर बदलला आणि वीज जोडली. क्षणभर काहीच झाले नाही. मग एकदम सगळ्या खिडक्यांत लाल आठ उभे राहिले : ८८८८८८.

‘आठच का?’ मी विचारले.

‘आठात सगळ्या रेघा लागतात रे,’ मामा म्हणाले. ‘मशीन आधी दाखवतं की माझे दिवे शाबूत आहेत. मग हिशेब सांगतं.’

परंतु एका खिडकीत आठ नव्हता. रुपयांच्या एकम स्थानी सहा दिसत होता.

सात रेघांचे गणित

येथे थोडी तांत्रिक माहिती देणे आवश्यक आहे. आपण सर्वत्र पाहतो तो आकडा सात रेघांचा असतो. वर एक आडवी, मध्ये एक, खाली एक, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या. इंग्रजीत त्यांना ए पासून जी पर्यंत नावे आहेत. कोणती रेघ पेटवायची आणि कोणती विझवायची यावर आकडा ठरतो. एकाला दोन रेघा लागतात, सातला तीन, चाराला चार. दोन, तीन आणि पाच यांना प्रत्येकी पाच. शून्य, सहा आणि नऊ यांना सहा. आणि आठाला सातही. सगळ्यांची बेरीज केली तर दहा आकड्यांना ४९ रेघा होतात, म्हणजे सरासरी ४.९. वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर एक हा सर्वांत काटकसरी आकडा आणि आठ सर्वांत खर्चिक.

आता आठातली उजवीकडची वरची उभी रेघ विझली तर काय होईल? आठाचा सहा दिसेल. नवाची तीच रेघ गेली तर पाच दिसेल. मधली आडवी रेघ गेली तर आठाचे शून्य होईल. म्हणजे मीटर आतून बरोबर मोजत असतो, पण बाहेर खोटे दाखवतो. म्हणून यंत्र सुरू होताना सगळे आठ पेटवून पाहण्याची पद्धत आहे. त्याला ‘लॅम्प टेस्ट’ म्हणतात. आम्ही कॉमर्सवाले त्याला लेखापरीक्षण म्हणू.

आणखी एक गंमत सांगतो. सहा आकड्यांची पट्टी एकाच वेळी पेटलेली दिसते, पण तशी ती नसते. बहुतेक यंत्रांत एका वेळी एकच आकडा पेटतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि ही फेरी सेकंदाला शेकडो वेळा होते. आपला डोळा इतका चपळ नाही, म्हणून त्याला सगळे एकदम दिसतात. खात्री करायची असेल तर अंधारात अशा पट्टीवरून नजर झटकन बाजूला न्यावी. आकडे विखुरलेले दिसतात. यामुळे तारा कमी लागतात आणि वीजही वाचते.

हिशेबनिसाच्या घरचा दिवा

सात रेघांचा आकडा सर्वत्र पसरण्यापूर्वी एका वेगळ्याच आकड्याचे राज्य होते. त्याचे नाव निक्सी नळी. संग्राहकांच्या दृष्टीने हा या विषयातला मानाचा गणपती.

निक्सी ही काचेची छोटी बंद नळी. तिच्यात अत्यल्प दाबाचा निऑन वायू असतो. पातळ धातूचे दहा आकडे, शून्य ते नऊ, एकामागे एक रचलेले असतात आणि त्यांच्यापुढे बारीक जाळी असते. जाळी आणि एखादा आकडा यांच्यामध्ये सुमारे १७० व्होल्टचा दाब दिला की त्या आकड्याभोवतीचा निऑन नारिंगी रंगाने उजळतो. बाकीचे नऊ आकडे तेथेच असतात, पण अंधारात. आठावरून नवावर जाताना उजेड नळीच्या आत थोडा मागे किंवा पुढे सरकतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, आकडा श्वास घेतो आहे.

ही नळी १९५५ साली अमेरिकेच्या बरोज कंपनीने बाजारात आणली. हाय्डू ब्रदर्स या छोट्या कारखान्यात तिचे काम चालले होते आणि बरोजने तो कारखाना विकत घेतला होता. आता वाणिज्याच्या विद्यार्थ्याने येथे कान टवकारावेत. विल्यम बरोज हा मूळचा बँकेतला कारकून. दिवसभर बेरजा करून आणि त्या तपासून कंटाळलेल्या या माणसाने बेरीज करणारे यंत्र रचले आणि १८८८ साली त्याचे पेटंट मिळवले. त्याच्या नावाची कंपनी पुढे जगभरच्या बँकांना आणि पेढ्यांना हिशेबाची यंत्रे पुरवू लागली. म्हणजे निक्सीचा दिवा लागला तो हिशेबनिसाच्याच घरात!

या कंपनीचा आपल्याकडेही संबंध आला. १९७७ साली टाटा आणि बरोज यांची ‘टाटा बरोज’ ही भागीदारी कंपनी मुंबईत निघाली. अंधेरीच्या सीप्झ वसाहतीत तिचे काम चाले. पुढे ती टाटा युनिसिस झाली, मग टाटा इन्फोटेक, आणि २००६ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. बेल पंच ही कंपनी ट्रामच्या कंडक्टरांसाठी तिकिटाला भोक पाडणारे चिमटे करीत असे. भोक पडले की घंटी वाजे, म्हणून ते नाव. याच कंपनीने १९६१ साली ‘अॅनिटा’ हे टेबलावर ठेवायचे पूर्ण इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र विक्रीस आणले. ते त्या जातीचे जगातले पहिले. त्याचे उत्तर अशाच निऑनच्या नळ्यांत उमटत असे. एस. टी.तल्या कंडक्टरच्या चिमट्याची टिकटिक आमच्या वडीलधाऱ्यांनी जन्मभर ऐकली. त्या चिमट्याचे एक घराणे इलेक्ट्रॉनिक गणितापर्यंत पोचले, हे मला फार आवडते.

निक्सीनंतर

निक्सीला जास्त व्होल्ट लागतात आणि ती काचेची. खिशात ठेवण्याजोगी नाही. १९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक यांनी लाल प्रकाश देणारा उपयुक्त एल. ई. डी. तयार केला. त्याला दोन व्होल्टही पुरत. पाहता पाहता सात रेघांचे लाल आकडे आले. १९७२ साली एचपी-३५ हे खिशातले शास्त्रीय गणकयंत्र निघाले. किंमत ३९५ डॉलर. त्यातले आकडे इतके बारीक होते की मोठे दिसावेत म्हणून प्रत्येकावर प्लास्टिकचे भिंग बसवलेले असे. त्याच वर्षी ‘पल्सर’ हे लाल आकड्यांचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आले. ते सोन्याचे होते आणि त्याची किंमत २,१०० डॉलर होती. पण वीज इतकी लागे की बटण दाबल्याशिवाय वेळ दिसत नसे! एका हातातले घड्याळ पाहायला दुसरा हात मोकळा हवा.

जपानमध्ये १९६७ साली तिसरा प्रकार निघाला. निर्वात नळीत अगदी मंद तापणाऱ्या बारीक तारा, आणि समोर निळसर-हिरव्या रंगात चमकणाऱ्या रेघा. टेपडेक, व्हिडिओ कॅसेट प्लेअर आणि दुकानांतली बिलाची यंत्रे यांत तो पुष्कळ दिसे. आणि १९७३ साली शार्प कंपनीने द्रवस्फटिकाचा, म्हणजे एल. सी. डी.चा आकडा खिशातल्या गणकयंत्रात आणला. तो स्वतः उजळत नाही. बाहेरच्या उजेडात काळा दिसतो, आणि म्हणूनच नाममात्र विजेवर चालतो. आज आमच्या हातातला परीक्षेचा कॅल्क्युलेटर त्याच घराण्यातला. काटकसर जिंकली, उजेड हरला.

डोळा आधी की जीभ आधी

आमचा भाग सीमेवरचा. घरात मराठी, शेजारी कन्नड, बाजारात दोन्ही. मी शाळा मराठी माध्यमात शिकलो, पण कन्नड गल्लीत शिकलो. त्यामुळे मीटरवरचा आकडा वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती भाषेच्या प्राध्यापकांपुढे नम्रपणे ठेवतो.

पट्टीवर २५ दिसतात. डोळ्याला आधी दोन दिसतो, मग पाच. मराठी माणूस म्हणतो पंचवीस. म्हणजे जिभेवर आधी पाच येतो, मग वीस. कन्नड माणूस म्हणतो इप्पत्तैदु. आधी इप्पत्तु म्हणजे वीस, मग ऐदु म्हणजे पाच. कन्नडात डोळा आणि जीभ एका दिशेने चालतात, मराठीत उलट. आणि २९? कन्नडात तो सरळ इप्पत्तोंबत्तु, वीस आणि नऊ. मराठीत मात्र एकोणतीस, म्हणजे तीसला एक कमी. चढत्या मीटरपुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला आमची मराठी आधीच बजावते की, बाबा रे, तीस व्हायला एकच उरला!

वडिलांना दोन्ही भाषांत बिल सांगावे लागे. ते म्हणतात, एकाच आकड्याला दोन तोंडे होती, पण भांडण कधी झाले नाही.

अंकांच्या रूपाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. माझी आजी दुधाचा हिशेब देवनागरी अंकांत लिहिते, शेजारच्या अज्जी भिशीचा कन्नड अंकांत. शून्य दोघींचे सारखेच वर्तुळ. बाकीच्या वळणांना सात सरळ रेघांत जागा नाही. संविधानाच्या ३४३ व्या कलमात संघराज्याच्या शासकीय कामासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप सांगितले आहे, आणि सात रेघांत बसते तेही तेच रूप. निक्सीचे तसे नव्हते. तिच्यात धातू हवा तसा कापता येई. आकड्यांखेरीज अधिक-उणे चिन्हे आणि अक्षरे दाखवणाऱ्या नळ्याही निघाल्या. तेव्हा देवनागरी किंवा कन्नड निक्सी ही काही अशक्य कल्पना नव्हती. माझ्या डब्यात ती असती तर मी तिला सर्वांत वर ठेवले असते.

खासबागचा रविवार

आता जमवण्याविषयी. बेळगावात शिकायला आल्यापासून मी रविवारी खासबागच्या बाजारात जातो. तेथे भाजीपासून जुन्या बाजापर्यंत सर्व काही मिळते. गेल्या वर्षी जुन्या लोखंडाच्या ढिगात मला एक पत्र्याची पेटी दिसली. पुढे काच, आत सहा नळ्या. कुठल्याशा प्रयोगशाळेतून निघालेला तो जुना फ्रिक्वेन्सी काउंटर असावा. छाती धडधडू लागली, पण संग्राहकाने चेहऱ्यावर काही दाखवायचे नसते.

‘एष्ट री?’ मी विचारले.

‘किलोवर हाय बघा,’ त्याने मराठीत उत्तर दिले. ‘आतलं तांबं काढून घेणार होतो. काच फोडायची ऱ्हायलीय.’

दोन किलो दोनशे ग्रॅम भरले. दीडशे रुपयांना सौदा झाला.

तो डबा मांडीवर घेऊन मी एस. टी.ने निपाणीला गेलो. मामांनी नळ्या एकेक करून तपासल्या. पाच ठीक निघाल्या. सर्वांत डावीकडच्या नळीत मात्र शून्य स्वच्छ दिसे, पण चार आणि सात अर्धवट. जणू कुणी ओल्या बोटाने पुसले आहेत. या दोषाला जाणकार ‘कॅथोड पॉयझनिंग’ म्हणतात. पेटलेल्या आकड्याच्या धातूचे सूक्ष्म कण उडतात आणि शेजारच्या न पेटणाऱ्या आकड्यांवर बसतात. जो आकडा वर्षानुवर्षे वापरलाच जात नाही त्याच्यावर थर साचतो आणि पुढे त्याला पेटवले तरी तो नीट पेटत नाही. डावीकडची नळी लाखाच्या स्थानाची. लाखापर्यंत मोजणी क्वचित जाई, म्हणून तेथे जन्मभर शून्यच पेटत राहिले.

यावर उपाय आहे. तो आजारी आकडा काही तास थोड्या जास्त प्रवाहावर एकटाच पेटता ठेवायचा. हळूहळू थर उडतो. आम्ही चार आकडा एक रात्रभर पेटवला, सात दुसऱ्या रात्री. आता दोन्ही पूर्ण दिसतात. आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून मी दर रविवारी सर्व नळ्यांवर शून्य ते नऊ अशी फेरी लावतो. आजी खालून विचारते, ‘काय रे, उजळणी चालली काय?’ ती पाढ्यांची उजळणी म्हणते. मी दिव्यांची. शब्द एकच.

संग्राहकाची वही

ज्यांना हा छंद लावून घ्यावासा वाटतो त्यांच्यासाठी चार अनुभवाच्या गोष्टी.

पहिली सुरक्षिततेची. निक्सीचे १७० व्होल्ट ही चेष्टा नव्हे. यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतकी वीज उरते. जाणकार जवळ असल्याशिवाय हात घालू नये. नळीला वीज देताना मालिकेत रोधक जोडलाच पाहिजे, नाहीतर प्रवाह बेसुमार वाढून नळी जाते. अनेक नळ्यांत थोडा पारा असतो, म्हणून फुटलेली नळी उघड्या हातांनी गोळा करू नये.

दुसरी, सुरुवात एल. ई. डी.पासून करावी. दीड व्होल्टचे दोन सेल आणि शंभर ओहमचा एक रोधक एवढ्यावर प्रत्येक रेघ तपासता येते. आपल्याकडच्या जुन्या यंत्रांत एलटी-५४२ आणि एलटी-५४३ हे आकडे पुष्कळ सापडतात. दिसायला जुळे भाऊ, पण पहिल्यात सर्व रेघांचे धन टोक एकत्र असते, दुसऱ्यात ऋण. चुकीचे जोडले तर काहीच पेटत नाही आणि नवशिक्याला वाटते, माल मेला.

तिसरी, कोठे शोधावे? आपण सीमेवर आहोत याचा येथे फायदाच होतो. एका दिशेला पुण्याची तपकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दुसऱ्या दिशेला बेंगळुरूचा एस. पी. रोड. तथापि खरा माल दुरुस्तीच्या जुन्या दुकानांत खुर्चीखाली असतो. तेथे आधी चहा, मग चौकशी. रशियन नळ्याही हौशी लोकांकडे मिळतात. त्यांतली आयएन-१२ ओळखायची सोपी खूण म्हणजे तिच्यातला पाच. तो वेगळा केलेला नसून दोनच उलटा करून बसवलेला आहे! काटकसरीचा असा नमुना आमच्या कॉस्टिंगच्या पुस्तकात यायला हवा. निक्सीची विद्या मात्र पूर्ण बुडालेली नाही. चेक प्रजासत्ताकात डालिबोर फार्नी यांनी अलीकडच्या काळात त्या हाताने घडवून पुन्हा तयार करायला सुरुवात केली.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोंद. वस्तू कधी मिळाली, कोठे, कोणत्या यंत्रातून निघाली, तिच्यावर काय छापले आहे, किती पिना, किती व्होल्ट, काय दोष, काय दिले. नोंद नसलेला संग्रह म्हणजे नुसता ढीग. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिले असेल. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, कुलपे अशा रोजच्या वापराच्या वस्तू जमवल्या. ज्यांना घरोघरी अडगळ म्हणत, त्यांतून एका समाजाचे जगणे दिसते. आमच्या पिढीची अडगळ इलेक्ट्रॉनिक आहे, एवढाच फरक.

मूल्य आणि किंमत

माझ्या वहीतली पहिली नोंद त्या मीटरची आहे. अकाउंटन्सीत शिकवतात की, मालसाठ्याचे मूल्यांकन लागत किंमत आणि वसूल होऊ शकणारी निव्वळ किंमत यांपैकी जी कमी असेल तिने करावे. मीटरची लागत मला शून्य. म्हणून मी शून्य लिहिले आणि दोषाच्या रकान्यात लिहिले : ‘एकम स्थानी उजवी वरची रेघ बंद.’

मामा म्हणाले, ‘वीस रुपयांचा आकडा आहे. बदलून टाकू.’ मीही तयार होतो. वडील शेजारी उभे होते. ते म्हणाले, ‘तो नको बदलू.’

मग त्यांनी सांगितले. ती रेघ दुकान चालू असतानाच गेली होती. मीटरवर सोळा दिसत आणि छापील पावतीवर अठरा येत. गिऱ्हाईक म्हणे, मी समोर सोळा बघितले. वडील सोळाच घेत. दिसले ते खरे, असा त्यांचा नियम. मेकॅनिक येईपर्यंत रोजचा तोटा त्यांनी वहीत ‘आकड्यातला फरक’ म्हणून लिहिला. मग मेकॅनिक आलाच नाही, आणि पुढे गिऱ्हाईकही येईनासे झाले.

मी ती वही शोधून काढली. देवनागरी अंकांत, निळ्या शाईने. ‘आकड्यातला फरक’ हा रकाना तर होताच, पण काही ओळींत रक्कम होती, नाव नव्हते, आणि रकमेवर आडवी रेघ मारलेली. एक तारीख १९९९ च्या जूनमधली होती. मी विचारले, ही उधारी कुणाची?

वडील थोडा वेळ बोलले नाहीत. आमच्या भागातली मुले सैन्यात फार. कारगिलचे युद्ध चालू होते. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून रांग रात्रीच लागे. वखारीतले व्यापारी तंबाखूचा भाव विचारायला येत, तशाच खेड्यातून चालत आलेल्या आयाही येत. लांबवर फोन लागला की समोर लाल आकडा पळू लागे आणि बोलणाऱ्याचा डोळा त्याच्यावरून हलत नसे. बोलणे तुटे. ‘एखादी बाई रडायला लागली,’ वडील म्हणाले, ‘की मी मीटरवर टॉवेल टाकायचो. आकडा दिसत असला की माणूस धड रडत पण नाही.’

पावती मग फाडून टाकायची, आणि वहीत रकमेवर आडवी रेघ.

बुडीत कर्ज निर्लेखित करणे आम्हाला दुसऱ्या सत्रात शिकवले. नोंद कशी करायची ते मला येते. पण अशी नोंद कोणत्या खात्यात न्यायची, हे मला सांगता येणार नाही. मीटरची किंमत मी शून्यच ठेवली आहे. नियमाने ती तेवढीच होते. एकम स्थानचा आकडाही तसाच आहे. सुरू केला की पाच खिडक्यांत आठ दिसतो आणि एकीत सहा.

शेवटी एक विनंती. वाचकहो, आपल्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत, एखाद्या बंद दुकानाच्या कपाटात जुना कॅल्क्युलेटर, घड्याळ, काटा किंवा मीटर असेल. तो किलोवर देण्यापूर्वी एकदा मला दाखवा. मी तो मागणार नाही. आपण दोघे मिळून तो पेटवून पाहू, आणि तो चालवणारे माणूस घरात असेल तर त्यांना जवळ बसवू. बहुधा आकडा आधी पेटेल, आणि गोष्ट त्याच्यामागून येईल.

(बी. कॉम. भाग दोन)